शेवटच्या घरालाही परवडेल अशी सजावट

परंड्याच्या बाजारात सध्या एकाच गाड्यावर दोन सणांचा माल दिसतो. एका अंगाला साखरेच्या गाठी, दुसऱ्या अंगाला शेवया आणि खारका. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि ईद, चंद्र दिसेल त्याप्रमाणे, २० किंवा २१ मार्चला. म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळी एका घरी गुढी उतरवली जात असेल, त्याच वेळी शेजारच्या घरची मंडळी एकोणतिसावा रोजा सोडून चंद्र शोधायला गच्चीवर चढलेली असतील.

या मालात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे घर सजवायचे तयार सामान. सोनेरी प्लास्टिकची चंद्रकोर, चकचकीत पट्टीवर छापलेले 'रमजान मुबारक', चांदण्यांच्या आकाराचे फुगे, भिंतीवर लावायच्या झगमगत्या झालरी. पाडव्यासाठी प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचे तोरण आणि हातभर उंचीची तयार गुढी. जे गाड्यावर मिळत नाही ते मोबाइलवर मागवता येते. इफ्तारच्या दस्तरखानामागे अशी सजवलेली भिंत असावी, तिचा फोटो स्टेटसला लागावा, अशी हौस आता तालुक्याच्या गावातही आली आहे.

हौसेला माझा विरोध नाही. सणाला घर सजलेले असावे, लेकरांना घरात काही नवे दिसावे, ही इच्छा अगदी साधी आणि चांगली आहे. मला एवढेच विचारायचे आहे की या सजावटीचे माप कोणते धरायचे? माझ्या मते माप एकच असावे. आपल्या गल्लीतल्या सर्वांत शेवटच्या, सर्वांत ओढगस्तीच्या घराला जी सजावट करता येईल, तीच आपल्याही दाराला असावी.

हे माप मी मनाने काढलेले नाही. रमजानच्या महिन्यातच ते आहे. रोजा हा पैसेवाल्याला आणि रोजंदारीवाल्याला दिवसभर एकाच पंगतीला, किंवा खरे तर एकाच बिनपंगतीच्या उपाशीपणाला, बसवतो. मार्चचे ऊन दोघांनाही सारखेच लागते आणि दुपारी चारला दोघांचाही घसा तेवढाच कोरडा पडतो. तरावीहच्या नमाजला उभे राहताना दुकानदाराच्या खांद्याला हमालाचा खांदा लागतो. मग ईदच्या नमाजआधी फित्रा द्यायचा असतो. ऐपत असलेल्या घराने घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेसुद्धा, ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत गरजूच्या हाती पोचवायची. ती नमाजच्या आधी पोचली पाहिजे, यातच सारे आले. ईदच्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड असू नये आणि सणाच्या सकाळी कुणाला हात पसरावा लागू नये, यासाठी ही तजवीज आहे.

महिनाभर सगळ्यांना एका पातळीवर आणायचे आणि शेवटच्या आठवड्यात दाराच्या सजावटीवरून पुन्हा वेगळे करायचे, हे विसंगत नाही का? मोठ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. तो मान वळवून निघून जातो. पण सात-आठ वर्षांचे पोर शेजारच्या दारावरचा लखलखता चंद्र बघते आणि घरी येऊन आईला विचारते, "आपल्या दाराला का नाही?" त्या आईच्या हातात त्या दिवशी शेवया आणायच्या की चंद्र आणायचा, एवढेच पैसे असतात. हा पेच आपण हौसेपोटी तिच्या दारात नेऊन ठेवतो. पाडव्यालाही तेच घडते. घरातली जुनी साडी, काठी आणि तांब्या यांनी उभी राहणारी गुढी कुणालाही उभारता येत होती. गुढी विकत आणायची वस्तू झाली की तीही ऐपतीवर जाते.

उलट हाताने केलेल्या कागदी सजावटीत हा पेच नाही. पतंगी कागदाचे दोन-चार ताव, मूठभर मैदा, सुतळीचा तुकडा आणि घरातली कात्री. पन्नास-शंभर रुपयांत अख्खे घर सजते आणि उरलेला कागद शेजारी देता येतो. दोन घरांच्या सजावटीत फरक राहतोच, पण तो पैशाचा राहत नाही. ज्याचा हात चांगला, त्याचे दार चांगले. गरिबाच्या पोराचा हात अनेकदा जास्त चांगला असतो. मग तेच पोर चार घरचे कंदील करून देताना दिसते. सणाच्या दिवसांत लेकराला मान मिळावा, तो असा.

ही कला आपल्याकडे बाहेरून शिकून आणायची नाही. मोहरमचे ताबूत, गणपतीचे मखर आणि दिवाळीचा आकाशकंदील, तिघांचे सामान एकच आहे. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, खळ आणि सुतळी. कामट्या तासून देणारे बुरूड तेच. 'आकाशकंदील' हा शब्दच बघा. आकाश संस्कृतातून आले, कंदील अरबीतून. एकाच शब्दात दोघे शेजारी राहतात आणि दिवाळीत तो शब्द उच्चारताना कुणाला त्यातला सांधा जाणवतही नाही. 'कागद' हा शब्द फारसीतून आलेला आणि त्याची पताका होते ती संस्कृतातली.

कागदाचे तर मराठवाड्याशी जुने नाते आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी तिकडे हलवली, त्या काळाशी तिथल्या हातकागदाची परंपरा जोडली जाते. चिंध्या आणि रद्दी कुटायची, लगदा करायचा, चाळणीवर उचलायचा, वाळवायचा आणि घोटायचा. हे काम कागजी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर या मुलखाची दप्तरे लिहिली गेली. आपल्या परंडा तालुक्यातल्या डोमगावात कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ रामदासांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी दासबोधाची परंपरा आपण सारे जाणतो. त्या काळी लिहायचे म्हणजे हातकागदावरच. चिंध्यांचा कागद करणारा हात आणि त्या कागदावर टाक चालवणारा हात, दोन्ही याच मातीतले. असा वारसा असलेल्या मुलखाने कागदाचा चंद्र बाहेरगावच्या कारखान्यातून प्लास्टिकमध्ये मागवावा, याचे वाईट वाटते.

करायचे काय आणि कसे, तेही सांगतो. नाहीतर नुसता उपदेश व्हायचा.

पहिली वस्तू चंद्रकोर. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. जाड, गुळगुळीत, सोनेरी वेलबुट्टीचा कागद, आणि तोही फुकटचा. पत्रिकेवरचे गणपतीचे चित्र, ७८६ किंवा बिस्मिल्लाह आधी अदबीने कापून वेगळे ठेवावे. मग पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बशी उपडी ठेवून वर्तुळ काढायचे. तिच्याहून थोडी लहान वाटी त्याच वर्तुळात एका कडेला सरकवून दुसरे वर्तुळ काढायचे. दोन रेघांमधला भाग कापला की कोर तयार. वाटी जितकी कडेला सरकवाल आणि बशीच्या जितक्या मापाची घ्याल, तितकी कोर नाजूक होते.

दुसरी वस्तू आठ टोकांची चांदणी. दोन सारखे चौरस कापायचे. एक सरळ ठेवायचा, दुसरा त्यावर तिरका, कोपरे बाजूंच्या मधोमध येतील असा, चिकटवायचा. झाली चांदणी. समरकंदपासून दख्खनपर्यंतच्या इमारतींवरची नक्षी याच दोन चौरसांच्या खेळातून वाढत गेली आहे. पाचवीतल्या मुलाला भूमितीचा तासही इथेच होऊन जातो.

तिसरी वस्तू कापडी तोरण. ईदच्या आधी शिंप्यांच्या दुकानांत रात्री बारापर्यंत मशीन चालते आणि खाली कात्रणांचा ढीग साठतो. रेशमी, जरीची, छापील कात्रणे. ती मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. त्यांचे त्रिकोण कापून सुतळीवर ओवले, की पताकांची माळ होते. ही माळ धुता येते, घडी करून ठेवता येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघते. गुढीच्या दारालाही ती शोभते आणि ईदच्या दारालाही.

चौथा कंदील. सहा कामट्यांचे दोन त्रिकोण बांधले, एकावर एक उलटसुलट ठेवून जोडले, असे दोन सांगाडे केले आणि मध्ये वीतभर कामट्यांचे टेकू दिले की चांदणीचा कंदील उभा राहतो. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवला की खळ होते. तिच्यात चिमूटभर तुरटी घातली तर ती लवकर आंबत नाही. कागद खळीने चिकटवून सावलीत वाळवावा, म्हणजे तो ताणून बसतो. आत मेणबत्ती किंवा पणती ठेवू नये. छोटा एलईडी दिवा पुरे. तो तापत नाही आणि कागदाला धोका नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आमच्याच वडीलधाऱ्यांचा असतो. रमजान हा इबादतीचा महिना, सजावटीचा नव्हे. हे बरोबर आहे. घर सजवणे हा रमजानचा भाग नाही. चंद्रकोरीची पूजा आम्ही करत नाही. कुरआनात चंद्राच्या कलांचा उल्लेख कालगणनेसाठी येतो आणि उधळपट्टीला तिथे स्पष्ट नापसंती आहे. शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्री शबे कद्रच्या शोधात जागायच्या असतात, त्या बाजारात घालवायच्या नसतात. म्हणूनच मी म्हणतो की सजावट थोडी असावी, घरच्या घरी असावी आणि ती लवकर उरकावी. दुपारी भुकेने चिडचिडलेल्या, पहिला-दुसरा रोजा धरलेल्या मुलाला तासभर कागद-कात्री दिली, तर त्याचा तो तास सुखाचा जातो. तेवढा वेळ मोबाइलही बाजूला राहतो.

यातलीच आणखी एक गोष्ट. छापील पट्ट्यांवर अल्लाहचे नाव असते, आयती असतात. सण संपला की त्या पट्ट्या कुठे जातात, ते गटारीच्या कडेला दिसते. देवादिकांच्या चित्रांचीही हीच गत होते, हे हिंदू बांधवांनाही ठाऊक आहे. कोऱ्या कागदाच्या चंद्रावर आणि चांदणीवर काही लिहिण्याची गरजच नसते, त्यामुळे त्यात कुणाचा अवमान होत नाही.

दुसरा आक्षेप घरातल्या बायकांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहेरीला सर्वांत आधी बाई उठते, इफ्तारचे तळण तीच करते, शिरखुर्म्याची तयारी तीच करते आणि रोजाही धरते. पाडव्याच्या पुरणाचीही कथा वेगळी नाही. त्यात ही हातची सजावट तिच्याच गळ्यात पडणार असेल, तर तयार प्लास्टिक परवडले, असे ती म्हणाली तर तिचे काय चुकले? म्हणून माझी अट आहे. सजावट मुलांनी आणि घरातल्या पुरुषांनी करावी. आपल्या पिढीला शाळेत कार्यानुभवाचा तास होता. पताका, भेटकार्डे, आकाशकंदील सगळे तिथे केलेले आहे. तेव्हाचे शिकलेले हात अजून शाबूत आहेत. खळसुद्धा बापाने शिजवावी. तेवढ्याने काही बिघडत नाही.

तिसरा आक्षेप गाड्यावाल्याचा. तोही गरीबच आहे, त्याच्या पोटावर पाय का? त्याचा माल घेऊ नका असे मी म्हणत नाही. त्याने पतंगी कागद ठेवावा, रंगीत दोरा ठेवावा, तासलेल्या कामट्यांची जुडी ठेवावी, मागणी आपणच केली पाहिजे. मोबाइलवर मागवलेल्या सामानाचा पैसा गावाबाहेर जातो. कामट्यांचा पैसा बुरुडाच्या घरी आणि कागदाचा पैसा स्टेशनरीवाल्याकडे राहतो. गल्लीत कुणाचा हात चांगला असेल त्याच्याकडून दोन कंदील विकतही घ्यावेत. हाताला काम मिळाले तर ते उत्तमच.

कायद्याचाही भाग आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल आहे. महाराष्ट्राने तर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनेच प्लास्टिक आणि थर्माकोलवर निर्बंध घातले होते. बंदी कागदावर राहिली, सामान बाजारात राहिले. ते कागदानेच हटवता आले तर बरे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इजिप्तमध्ये रमजानला 'फानूस' लावतात. पत्रा आणि रंगीत काचेचा तो कंदील कैरोच्या गल्ल्यांत कारागीर हाताने घडवतात. पुढे परदेशी कारखान्यांतले, गाणी म्हणणारे प्लास्टिकचे फानूस स्वस्तात येऊ लागले आणि कारागिरांचे हात रिकामे झाले. शेवटी २०१५ मध्ये तिथल्या सरकारने लोककलेच्या अशा वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. तिथे सरकारला आदेश काढावा लागला. आपल्याकडे कात्री काढली तरी भागण्यासारखे आहे.

आता शेवटची गोष्ट, पंचांगाची. पाडवा आणि ईद अशी शेजारी-शेजारी का येते? दोन्ही सण अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राचे आहेत. पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, ईद शव्वालच्या पहिल्या तारखेची. चंद्र एकच, त्यामुळे महिने एकाच सुमारास सुरू होतात. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. यंदा हे तिसरे वर्ष. पण चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून पंचांग मध्येच अधिक मास घालते, हिजरी कालगणना घालत नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून पुढच्या वर्षी ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल आणि पाडवा ७ एप्रिलला. ही सोबत सुटेल.

अशीच सोबत २००४, २००५ आणि २००६ मध्ये दिवाळीशी जुळली होती. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येनंतर जी कोर उगवली, तीच ईदची कोर ठरली. दिवाळीचे आकाशकंदील अजून दारावरच होते आणि त्यांच्याच उजेडात आम्ही ईदला गळाभेटी घेतल्या. कंदील कुणाचा, हे विचारायची कुणाला आठवणही झाली नाही. पुन्हा दिवाळीशी अशी गाठ पडेल ती २०३७ च्या आसपास. पाडव्याशी पुन्हा जुळायला तर तीसएक वर्षे जातील. आज कागद कापणारे दहा वर्षांचे पोर तेव्हा चाळिशीत असेल.

म्हणून यंदा एवढे करता येईल. पाडव्याच्या आधी एखाद्या दुपारी दोन शेजारघरांच्या मुलांना एकाच सतरंजीवर बसवावे, मध्ये खळीची वाटी, लग्नपत्रिका आणि शिंप्याकडची कात्रणे ठेवावीत. पताकांची एकच लांब माळ करावी आणि ती एका दाराच्या चौकटीपासून दुसऱ्या दाराच्या चौकटीपर्यंत बांधावी. पाडव्याला ती गुढीमागे फडफडेल, ईदला तिच्याखालून लोक शिरखुर्मा प्यायला येतील. आणि माळ बांधायला निघताना गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत दोरी पुरते ना, हे आधी बघून घ्यावे. कमी पडली तर आणखी वीतभर सुतळी आणायला किती पैसे लागतात?